नेम किती चुकला, कण कुठं गेला

भाची एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मे महिन्यात सांगलीला आमच्या गावभागातल्या घरी राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी वही माझ्यापुढं टाकली. वहीत तीन ओळींचा तक्ता होता. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ५.५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे अल्फा कण, म्हणजे हेलियमची अणुकेंद्रं, सोडले, तर त्यांचं 'डिफरन्शियल क्रॉस सेक्शन' किती? उत्तरं अशी: २० अंशाला ११७६, ६० अंशाला १.१२, ९० अंशाला ४.२८. एकक बार्न प्रति स्टेरेडियन, दोन्ही शब्दांचा अर्थ पुढं येईलच.

"मामा, क्रॉस सेक्शन म्हणजे क्षेत्रफळच ना? मग अणुकेंद्राचं क्षेत्रफळ कोनागणिक बदलतंय व्हय?"

प्रश्न एकदम रास्त होता. मी बी.एस्सी.ला असताना मलाही तो पडला होता. तेव्हा फळ्यावर सूत्र लिहिलं गेलं, आम्ही ते वहीत उतरवलं, परीक्षेत परत लिहिलं आणि मार्क घेतले. ते क्षेत्रफळ कशाचं, हे विचारायचं राहूनच गेलं. तिच्या तक्त्यात आणखी एक भानगड आहे, पण ती मी त्या दुपारी बोललो नाही. इथंही शेवटीच सांगतो.

पुस्तकी मराठीत स्कॅटरिंगला, म्हणजे कण आदळून इकडंतिकडं उडण्याला, प्रकीर्णन म्हणतात आणि क्रॉस सेक्शनला काटछेद. मी इथं वर्गात बोलले जातात तेच शब्द वापरणार आहे. 'काटछेद' म्हटलं की डोळ्यांसमोर कापलेली काकडी येते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. इथं काही कापायचं नाही.

तुरडाळीनं भरलेला गोल स्टीलचा डबा आम्ही फरशीच्या मधोमध ठेवला. डबा भरलेला हवा, नाहीतर धक्क्यानं सरकतो. व्यास १६ सेंटिमीटर. मारुती रोडवरनं आणलेल्या काचेच्या गोट्या, प्रत्येकीचा व्यास १.६ सेंटिमीटर. डब्यापासून दोन हात अंतरावर खडूनं एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खुणा केल्या. पुठ्ठ्याची पन्हळ केली, ती एकेका खुणेवर सरळ धरायची आणि गोटी सोडायची. पन्हळ कुठल्याही खुणेवर असो, दिशा बदलायची नाही. सगळ्या गोट्या एकमेकींना समांतरच गेल्या पाहिजेत.

गोटी डब्याच्या बरोबर मध्यावर आदळली तर आली तशी परत जाते. मध्यापासून जरा बाजूला आदळली तर तिरकी उडते. अगदी कडेला घासली तर वाट जेमतेम वळते. आणि बाजूनं निघून गेली तर तिला डबा होता हेही कळत नाही. मध्यापासूनच्या या अंतराला इंग्रजीत इम्पॅक्ट पॅरामीटर असं भारदस्त नाव आहे. मी त्याला नेमचूक म्हणतो. मध्यावर नेम धरला होता, तो किती चुकला, एवढंच ते अंतर सांगतं.

आता पहिली गंमत. डब्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर, पण गोटी लागते ती नेमचूक ८.८ सेंटिमीटर होईपर्यंत, कारण गोटीची स्वतःची त्रिज्याही त्यात येते. म्हणजे टक्कर होण्याची 'रुंदी' १६ नाही, १७.६ सेंटिमीटर आहे. हा आकडा एकट्या डब्याचा नाही की एकट्या गोटीचा नाही, तो दोघांच्या जोडीचा आहे. लिंबू फेकलं असतं तर तोच डबा आणखी रुंद 'दिसला' असता. क्रॉस सेक्शन हा वस्तूचा गुण नसून टकरीचा गुण आहे, हे इथंच मनात पक्कं बसवून घ्यावं.

दुसरी गोष्ट म्हणजे गोटी कुठं जाते. गुळगुळीत कठीण डब्यासाठी भूमितीनं साधं उत्तर निघतं. नेमचूक भागिले एकूण त्रिज्या, म्हणजे आपले ८.८ सेंटिमीटर, हे बरोबर वळणकोनाच्या निम्म्याचा कोसाइन. गोटी ९० अंशांत वळायची असेल तर नेमचूक ८.८ च्या ०.७०७ पट, म्हणजे ६.२ सेंटिमीटर लागते. त्याहून कमी चुकलेल्या सगळ्या गोट्या ९० अंशांपेक्षा जास्त वळतात, म्हणजे मागल्या बाजूला येतात. डब्याला लागणाऱ्या गोट्यांपैकी हे प्रमाण शेकडा ७१ च्या आसपास.

डब्याला लागतील अशा खुणा ३५ होत्या. प्रत्येक खुणेवरून तीन म्हणजे १०५ गोट्या सोडल्या. त्यांतल्या ७५ मागं यायला हव्या होत्या. आमच्या ६६ आल्या. भाचीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पण गोटी घरंगळत जाते, आणि टक्कर होऊन दिशा बदलली तरी तिची फिरकी जुन्याच दिशेची राहते. ती फिरकी गोटीला पुन्हा पुढं ओढते, म्हणून काठावरच्या काही गोट्या मागं येता येता बाजूला वळल्या. शिवाय 'टक्' आवाज झाला तो काही फुकट होत नाही, त्यातही थोडी ऊर्जा गेलीच. ज्या टकरीत गतिज ऊर्जेची बेरीज आधी होती तेवढीच नंतरही राहते आणि कुणाच्या आत काही मोडत-चेपत-तापत नाही, ती इलॅस्टिक. काचेची गोटी आणि स्टीलचा डबा इलॅस्टिकच्या जवळपास येतात, पण पुरते नाहीत. अल्फा कण आणि सोन्याचं अणुकेंद्र या बाबतीत आमच्या डब्यापेक्षा फार सज्जन.

आता मूळ प्रश्न, क्षेत्रफळ कशाचं? ते डब्याचं नाहीच. ते आहे खडूच्या रेघेवरचं, गोटी जिथून निघाली तिथलं. 'अमुक कोनाच्या आसपास जायचं असेल तर रेघेवरच्या कुठल्या तुकड्यातून निघावं लागेल, आणि तो तुकडा केवढा?' हा तो प्रश्न आहे. फरशी सपाट, म्हणून तिथं तुकड्याची लांबी मोजतो. खऱ्या जगात कण तीन मितींत येतात, म्हणून तुकड्याचं क्षेत्रफळ मोजतो. कोन निघण्याच्या बाजूचा, क्षेत्रफळ येण्याच्या बाजूचं. दोन्ही बाजूंचा ताळमेळ घातला की डिफरन्शियल क्रॉस सेक्शन झालं. ती खडूची रेघ म्हणजे कणांचा उंबरा. सूत्र बघून घाबरणाऱ्या पोरांना मी एवढंच विचारतो, 'उंबऱ्यावर किती जागा?'

तीन मितींत डब्याच्या जागी कठीण गोळा आला, तर सारख्याच नेमचुकीचे सगळे कण उंबऱ्यावर एका वर्तुळावर असतात आणि सगळे सारख्याच कोनात वळतात. नेमचूक थोडी वाढवली की आणखी एक वर्तुळ. दोन वर्तुळांमधली जागा म्हणजे बांगडीसारखी एक चकती. त्या चकतीतून आलेला प्रत्येक कण दोन ठरावीक कोनांच्या मधल्या पट्ट्यात जातो. तो पट्टा लांबवर धरलेल्या एका मोठ्या काल्पनिक गोलावर आखलेला असतो, आणि त्याच्या 'मोठेपणा'ला घनकोन म्हणतात, एकक स्टेरेडियन. पुऱ्या गोलाचे १२.५७ स्टेरेडियन. दहा सेंटिमीटर अंतरावर एक चौरस सेंटिमीटरचा डिटेक्टर धरला तर तो एक शतांश स्टेरेडियन व्यापतो.

मग डिफरन्शियल क्रॉस सेक्शन म्हणजे चकतीचं क्षेत्रफळ भागिले पट्ट्याचा घनकोन. सूत्रातले सिग्मा (क्षेत्रफळ), ओमेगा (घनकोन) आणि त्यांच्यामागं लागलेला तो डी एवढंच म्हणतात की चकती शक्य तितकी बारीक घ्या.

कठीण गोळ्यासाठी हे केलं की उत्तर येतं त्रिज्येच्या वर्गाचा चौथा हिस्सा, आणि त्यात कोन कुठंच नसतो! कण सगळ्या दिशांना सारखेच उडतात. फरशीवर शेकडा ७१ मागं येत होते, तिसरी मिती येताच बरोबर निम्मे मागं आणि निम्मे पुढं. कारण उघड आहे. वर्तुळात मध्याजवळ जागा कमी आणि काठाकडं जास्त असते, त्यामुळं जेमतेम घासून जाणाऱ्यांची संख्या वाढते. भाचीला हे आधी पटेना. मग तिनं ०.७०७ चा वर्ग केला, अर्धा आला, आणि गप्प बसली.

इथवर आलो की सोनं आणि अल्फा यांची पाळी. १९०९ साली मँचेस्टरमध्ये हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांना दिसलं की धातूच्या पत्र्यावरून काही अल्फा कण चक्क मागं फिरतात. प्लॅटिनमवर सुमारे ८ हजारांत एक. त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये त्याचा हिशोब मांडला. अणूचा सगळा धनभार मधल्या एका बारीकशा ठिकाणी आहे असं धरा, आणि अल्फा व तो भार एकमेकांना अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात लोटतात असं धरा. मग नेमचूक आणि कोन यांचं नातं डब्यापेक्षा वेगळं, पण तितकंच नेमकं निघतं.

एक आकडा आधी काढून ठेवू. ५.५ एमईव्हीचा अल्फा सोन्याच्या केंद्रावर अगदी नेम धरून सोडला, तर तो थांबून मागं फिरेपर्यंत किती जवळ जातो? अल्फाचा भार २, सोन्याचा ७९, त्यांचा गुणाकार १५८. त्याला १.४४ नं गुणायचं (एमईव्ही आणि फेम्टोमीटरमध्ये हिशोब करताना विजेच्या बळासाठी येणारा हा ठरावीक आकडा) आणि ५.५ नं भागायचं. उत्तर ४१.४ फेम्टोमीटर. (मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. सोन्याच्या केंद्राची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर, म्हणजे हा अल्फा केंद्राला शिवतसुद्धा नाही.) या ४१.४ च्या निम्म्याला, म्हणजे २०.७ ला, अर्ध्या कोनाच्या कोटँजंटनं गुणलं की नेमचूक मिळते. ९० अंशांत वळायला नेमचूक २०.७ फेम्टोमीटर. २० अंशांत वळायला ११७.

आता चकत्या मोजू. डेरिव्हेटिव्ह नको, साधी वजाबाकी.

१९ ते २१ अंशांच्या पट्ट्यात जायचं असेल तर नेमचूक १२३.६ आणि १११.६ च्या मधे हवी. त्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ८८७० चौरस फेम्टोमीटर. १९ ते २१ अंशांच्या पट्ट्याचा घनकोन ०.०७५ स्टेरेडियन. भागाकार १ लाख १८ हजारांच्या थोडा वर.

८९ ते ९१ अंशांसाठी नेमचूक २१.०५ आणि २०.३३ च्या मधे. चकती फक्त ९४ चौरस फेम्टोमीटरची. घनकोन मात्र ०.२१९, कारण विषुववृत्ताजवळचा पट्टा ध्रुवाजवळच्या पट्ट्यापेक्षा मोठा. भागाकार ४२८.

शंभर चौरस फेम्टोमीटर म्हणजे एक बार्न. म्हणजे २० अंशाला ११८२ आणि ९० अंशाला ४.२८. वहीत २० अंशाला ११७६ होते, आपले थोडे जास्त आले कारण चकती जरा जाड घेतली. तक्त्यातल्या दोन ओळींचं कोडं इथं सुटलं. अणुकेंद्र कोनागणिक लहान-मोठं होत नाही. थोडंसं वळायला उंबऱ्यावर ऐसपैस चकती मिळते आणि कण एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटीनं जातात. ९० अंशाला चकती चिमूटभर आणि पसरायला जागा भरपूर.

रदरफर्ड यांचं सूत्र हेच काम एका फटक्यात करतं. ४१.४ चा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, तो १०७ येतो, आणि त्याला अर्ध्या कोनाच्या साइनच्या चौथ्या घातानं भागा. गायगर आणि मार्सडेन यांनी १९१३ मध्ये ५ ते १५० अंशांपर्यंत हे तपासलं. या दोन टोकांच्या उत्तरांत सुमारे २ लाख ४० हजार पट फरक पडतो. अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे चमकारे सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायचे. एक लाखाहून जास्त चमकारे त्यांनी मोजले. मला सूत्रापेक्षा या मोजणीचंच जास्त अप्रूप वाटतं.

मोजणीचा अंदाज आपणही घेऊ. एक मायक्रॉन जाडीच्या सोन्याच्या पत्र्यात दर चौरस सेंटिमीटरमागं ५.९ गुणिले १० चा १८ वा घात इतके अणू असतात. समजा दर सेकंदाला एक लाख अल्फा येताहेत आणि डिटेक्टर तोच, एक शतांश स्टेरेडियनचा. येणारे कण, अणूंची ही दाटी, डिफरन्शियल क्रॉस सेक्शन आणि घनकोन यांचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती कण सापडतील ते कळतं. २० अंशावर सेकंदाला जवळजवळ सात. ९० अंशावर मिनिटाला दीड. कागदावरचा ४.२८ हा आकडा असा घड्याळात उतरला की मगच तो मला खरा वाटतो. प्रयोगशाळेत हा गुणाकार उलटा करतात. कण मोजतात, बाकीच्यांनी भागतात, क्रॉस सेक्शन हाती येतं.

बार्न हे नावही मजेचं आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत परड्यू विद्यापीठात होलोवे आणि बेकर या दोघांनी ते ठेवलं. अणुकेंद्राच्या मानानं हे क्षेत्रफळ कोठाराएवढं प्रशस्त, म्हणून बार्न, म्हणजे शेतावरचं कोठार. हे आपल्याकडं घडलं असतं तर हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवरून एककाचं नाव 'पेव' पडलं असतं, आणि भाचीच्या वहीत '४.२८ पेव प्रति स्टेरेडियन' लिहिलेलं असतं.

संध्याकाळी शेजारची पोरं कॅरम मांडून बसली होती, त्यामुळं पुढचा मुद्दा आयताच मिळाला. डबा जागचा हलत नव्हता. पण ज्याला धडक द्यायची तोच हलका असेल तर? स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमच्या जरा वर. एकट्या थांबलेल्या सोंगटीवर स्ट्रायकर कसाही मारा, तो फार तर वीस अंशांच्या आसपास वळतो, त्याहून जास्त नाही. पट्टीला न लागता स्ट्रायकर आपल्याकडं परत आलाय असं कुणी पाहिलेलं नाही. जड कण हलक्या कणावर आदळला तर वळण्याला मर्यादा असते. त्या कोनाचा साइन म्हणजे हलक्याचं वस्तुमान भागिले जडाचं.

आता अल्फा आणि इलेक्ट्रॉन बघा. अल्फा सुमारे ७३०० पट जड. म्हणजे एका इलेक्ट्रॉनला धडकून अल्फा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही वळत नाही. मागं फिरलेल्या अल्फाला कुणी फिरवलं, याच्या तपासात इलेक्ट्रॉन पहिल्याच झटक्यात निर्दोष सुटतात ते यामुळं.

हलत्या लक्ष्याचा हिशोब थेट करायला गेलं की डोकं उठतं. म्हणून सगळे एक युक्ती करतात. दोघांच्या वस्तुमानकेंद्राबरोबर, म्हणजे दोघांचा तोल जिथं साधतो त्या बिंदूबरोबर, आपणही चालतोय असं समजायचं. तिथून पाहिलं तर इलॅस्टिक टक्कर अगदी साधी दिसते. दोघे समोरासमोर येतात, तेवढ्याच वेगानं विरुद्ध दिशांना जातात, फक्त रेषा फिरते. क्रॉस सेक्शन तिथं काढायचं आणि नंतर कोन प्रयोगशाळेच्या भाषेत बदलून घ्यायचे. बदलताना घनकोनही बदलतो, हे विसरलं की गुण गेले. दोन सारख्या कठीण गोळ्यांचंच घ्या. वस्तुमानकेंद्रातून बघितलं तर सगळ्या दिशा सारख्या. टेबलाशेजारी उभं राहून बघितलं तर मारलेला गोळा ९० अंशांपलीकडं जातच नाही, आणि पुढच्या बाजूला गर्दी. टक्कर तीच, बघणारा वेगळा. सोनं अल्फापेक्षा ४९ पट जड, म्हणून आपण वर हा बदल न करताही निभावलं.

सगळ्या कोनांची बेरीज केली की एकूण क्रॉस सेक्शन मिळतं. गोळ्यासाठी ते गोळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ येतं, अपेक्षेप्रमाणे. रदरफर्डच्या सूत्राची बेरीज मात्र अनंत येते. घाबरायचं कारण नाही. विजेचा लोट, म्हणजे भारांचं एकमेकांना लोटणं, कितीही लांबवर पोचतो, त्यामुळं कितीही नेम चुकला तरी कण किंचित वळतोच. खऱ्या अणूत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्राचा भार झाकून टाकतात आणि बेरीज आटोक्यात राहते.

एवढं होईतो अंधार पडला. भडंगाचा पुडा घेऊन आम्ही आयर्विन पुलावर गेलो. पावसाळ्यात सगळी सांगली या पुलाकडं डोळे लावून असते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. मे महिन्यात मात्र कृष्णा शांत असते. पाण्यात एक दगड टाकला. वर्तुळं पसरत पुलाच्या दगडी खांबापर्यंत गेली आणि खांबाभोवतून नवी वर्तुळं निघाली. "हे बघ, खरं स्कॅटरिंग असं असतं," मी म्हटलं.

कारण अल्फा काय, न्यूट्रॉन काय, इलेक्ट्रॉन काय, सगळ्यांच्या पोटात लाट आहे. लाटेला नेमचूक नसते, ती सगळ्या उंबऱ्यावरून एकदमच येते. मग हिशोब असा मांडायचा: एक सरळ लाट आत आली, लक्ष्यापासून गोल लाट बाहेर पडली. या गोल लाटेची कुठल्या दिशेला किती उंची, हे सांगणाऱ्या राशीला स्कॅटरिंग ॲम्प्लिट्यूड म्हणतात. तिचं माप लांबीचं निघतं, आणि वर्ग केला की क्षेत्रफळ. तेच आपलं डिफरन्शियल क्रॉस सेक्शन. लाटेच्या वर्गातून शक्यता मिळते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये सांगितलं ते टकरींवरच्याच लेखात, आणि 'वर्ग' हा शब्द आला तो छपाईच्या वेळी जोडलेल्या तळटीपेत. १९५४ चं नोबेल या अर्थासाठीच.

बॉर्न यांनी काढलेली सोपी वाट अजूनही पहिल्यांदा तीच वापरतात. लक्ष्याच्या प्रत्येक कणाकणातून एक छोटी लाट निघते असं समजायचं आणि सगळ्या जोडायच्या. सरळ पुढच्या दिशेला सगळ्या एका तालात येतात, बेरीज भरपूर. कोन वाढला की ताल बिघडतो, काही लाटा एकमेकींना खोडतात. कुठल्या कोनात खोडतात ते लक्ष्य किती मोठं आहे त्यावर ठरतं. म्हणून डिफरन्शियल क्रॉस सेक्शनच्या आलेखातले खड्डे बघून न दिसणाऱ्या वस्तूचं माप काढता येतं. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डमध्ये अणुकेंद्रांवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडून हेच केलं, १९६१ चं नोबेल मिळालं. आणि एक योगायोग असा की विजेच्या लोटासाठी लाटांचा हिशोब केला तरी रदरफर्ड यांचंच सूत्र येतं. लाटांचा हा हिशोब म्हणजे क्वांटम यांत्रिकी, आणि १९११ साली तिचा पत्ता नव्हता. बळाचा नियम दुसरा असता तर त्यांचं सूत्र फसलं असतं.

फसतं कसं ते डब्यावरूनच बघू. कठीण गोळ्यावर अगदी मंद, म्हणजे लांबच लांब लाटेचे कण सोडले तर एकूण क्रॉस सेक्शन गोळ्याच्या तोंडाच्या चौपट येतं. चौपट! आणि मंद न्यूट्रॉन मोकळ्या प्रोटॉनवर सोडले तर साधारण २० बार्न. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर ०.०२२ बार्न. ९०० पटींहून जास्त फरक. अशा वेळी लाट एवढी लांब असते की तिला लक्ष्याचा आकार कळतच नाही. ती सगळीकडं सारखी पसरते, आणि सगळा हिशोब एका लांबीवर येऊन थांबतो.

भाचीनं पुडा संपवला आणि विचारलं, "मग कण आणि लक्ष्य एकसारखेच असले तर? अल्फावर अल्फा? कोण वळला आणि कोण उडाला, कळणार कसं?"

कळत नाही, आणि निसर्गालाही कळत नाही. म्हणून तिथं दोन्ही शक्यतांच्या लाटा आधी जोडायच्या, वर्ग नंतर. वस्तुमानकेंद्रातून बघताना ९० अंशावर दोन्ही लाटा सारख्या, बेरीज दुप्पट, वर्ग चौपट. गोट्यांच्या हिशोबानं तिथं दुप्पटच यायला हवं होतं.

परत येताना तिला तो तक्ता आठवला. आता तिला स्वतःलाच दिसलं. २० ला ११७६, ९० ला ४.२८, मग मधे ६० ला १.१२ कसं? कोन वाढेल तशी चकती आकसत जाते, मधेच खड्डा पडायचं कारण नाही. रदरफर्ड यांच्या सूत्रात १८० अंशाला १.०७ येतं, आणि हा ६० वाला आकडा त्याच्या जवळ जाऊन बसलेला.

"ती ओळ कशावर काढलीस?"

"मोबाईलवर. कॅल्क्युलेटर दादानं नेला होता."

मोबाईल रेडियनवर होता. त्यानं ३० अंशांचा साइन न घेता ३० रेडियनचा घेतला. तिनं पुलाच्या कठड्याला टेकून परत काढलं. साइन अर्धा, चौथा घात एक सोळांश, १०७ गुणिले १६, भागिले १००. १७.१ बार्न प्रति स्टेरेडियन.